खालच्या बाजूचं चाक

किलापाताची माणसं गाडीत पाऊल ठेवलं की पेंगायला लागतात. दरी बघत बसण्यापेक्षा डोळे मिटलेले बरे, असा त्यांचा हिशेब. कोंबडी मांडीवर घेऊन झोपतील, संत्र्याच्या पोत्यावर डोकं टेकून झोपतील, अनोळखी माणसाच्या खांद्यावर लाळ गाळत थेट ला पासपर्यंत झोपतील. या सगळ्यांना नेणारी-आणणारी गुमेर्सिंदा काय्यिसाया मात्र त्या रस्त्यावर कधी म्हणता कधी झोपली नव्हती. स्वतः चालवत असली की डोळे चाकावर. आणि चालवत नसली, म्हणजे स्टिअरिंगवर घरातलं एखादं शिकाऊ पोर असलं, तर मग झोपेचं नावच नको.

गावात तिला आदराने डोन्या गुमे म्हणतात. बाई ठेंगणी, रुंद खांद्याची, पोयेरा म्हणजे घेरदार घागरा आणि त्याच्याखाली नवऱ्याचे जुने बूट. पोयेऱ्याखाली असले बूट शोभत नाहीत हे तिला कुणी सांगायला जात नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं: "क्लच दाबायला तू येतोस का?" आवाज घोगरा, तोही पोरांना शिकवून शिकवून झालेला. दुपारी अंगणातल्या फरशीवर वाळत घातलेली कोकाची पानं परतताना ती मधेच थांबते, झाडू तसाच हातात, आणि कुठेही न बघता उभी राहते. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी आठवतेय. काही आठवत नसते, दमलेली असते.

आमच्या युंगासच्या या रस्त्यावर डावी बाजू धरायची असते. बाकी सगळा देश उजवीकडून चालतो, आम्ही डावीकडून. चालवणारा डावीकडे बसतो, त्यामुळे ला पासहून खाली उतरताना दरी नेमकी त्याच्या खिडकीखाली येते. मान बाहेर काढली की खालच्या बाजूचं चाक दिसतं, चाकापलीकडे कडा दिसते, आणि कडेपलीकडे काही दिसत नाही. वर चढणाऱ्याने डोंगराला चिकटून जायचं, त्याचा मान मोठा. समोरासमोर आलं तर उतरणाऱ्याने मुकाट रिव्हर्स घेत, रुंद जागा मिळेपर्यंत मागे जायचं. शहरातून कुणी शहाणा पहिल्यांदा इथे गाडी घेऊन आला की उजवी बाजू धरतो आणि वर आम्हालाच शिव्या घालतो.

गुमेला हे सगळं नवऱ्याने शिकवलं. फ्रोइलान ट्रक चालवायचा. एका वर्षी संत्री उतरवताना झाडावरून पडला, कंबरेत मोडला, आणि अंगणात संत्र्यांचा डोंगर सडायला लागला. तेव्हा त्याने खाटेसकट स्वतःला ट्रकपाशी न्यायला लावलं आणि बायकोला वर चढवलं. पुढचे काही दिवस साऱ्या किलापाताने त्याच्या तोंडून अशा शिव्या ऐकल्या की पाद्रीबुवांनी चर्चची खिडकी लावून घेतली. पण त्या शिव्यांमध्ये एक वाक्य असायचं, तेवढं गुमेने उचललं: "रस्ता बघू नकोस गं, रस्ता कुठे पळून जात नाही! चाक बघ, खालच्या बाजूचं चाक!" दुसऱ्या आठवड्यात संत्री ला पासच्या बाजारात होती. त्यानंतर फ्रोइलान काठीच्या आधाराने उठला, पण स्टिअरिंगवर परत बसला नाही.

ट्रक गेला आणि त्याच्या जागी एक पांढरी जपानी व्हॅन आली. ती तिकडे जपानात जन्मली तेव्हा तिचं स्टिअरिंग उजवीकडे होतं. इकडे आल्यावर कुणीतरी ते कापून डावीकडे बसवलं, पेडलं डावीकडे नेली, आणि उजवीकडे डॅशबोर्डला एक भोक राहिलं. त्यात फ्रोइलान आपली कोकाच्या पानांची पिशवी खुपसून ठेवतो. शिकवताना गुमे त्या उजव्या सीटवर बसायची, म्हणजे जिथे एके काळी खरोखरचा ब्रेक होता तिथे. पोरांनी चूक केली की तिचा उजवा पाय आपोआप खाली जायचा, कचकन. पुढे काही नसायचं, नुसता पत्रा. पण बिचारा पाय काही शिकला नाही. त्या जागी रबरी चटईला आता चांगला वाटीएवढा खळगा पडलाय, आणि घरातलं प्रत्येक पोर त्या खळग्याला आपापला वाटा देऊन गेलंय.

पहिला ग्रोव्हर, तिचा थोरला. तो वळणावर डोळे मिटून घ्यायचा. हॉर्न वाजवायचा, डोळे मिटायचा आणि वळायचा. "उघड रे मेल्या, उघड!" करून गुमेचा घसा बसला तो तेव्हाचा. आज तो सरहद्दीपलीकडे कालामाला खाणीवर घराएवढा डंपर चालवतो आणि दर नाताळला फोन करतो. धाकटा रिंबेर उलट, त्याला भीतीच नव्हती, आणि तेच जास्त भयंकर. एकदा उतारावर त्याने स्टिअरिंग सोडून शर्ट बदलला होता. तो ब्राझीलमध्ये कुठेतरी माल पोचवतो म्हणतात. मग दिराची विल्मा. ती शिकताना सबंध वेळ रडायची आणि सबंध वेळ उत्तम चालवायची. तिला सांताक्रूसमध्ये शाळेची व्हॅन मिळाली. चौथा विल्माचा भाऊ एल्मेर, त्याच्याबद्दल गुमे बोलत नाही. लायसन्स हातात पडल्याच्या संध्याकाळी तो जो ला पासला राहिला तो निरोप घ्यायलाही आला नाही.

गाडी शिकवली की पोर जातं, हे गुमेला दुसऱ्याच पोराला कळलं होतं. तरी ती शिकवत राहिली. न शिकवून काय करणार? या गावात हातात गाडी नाही तर मग कोयता, आणि कोयत्याने गावातल्या माणसांचे काय हाल केले ते तिने बघितले होते. पण दर वेळी तेच: क्लच हळू सोड, हॉर्न वाजव, डावीकडे घे, अजून डावीकडे, चाक बघ. पाचव्यांदा तेच म्हणायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. पाचवी दानित्सा.

दानित्सा तिच्या बहिणीची मुलगी. बहीण बुएनोस आयरेसला शिवणकामाला गेली, नऊ वर्षांची पोर गुमेच्या दारात ठेवून, "वर्षभरात नेते" म्हणाली. आता पोर अठरा पुरी केलेली, उंचीने मावशीच्या डोक्यावर गेलेली आणि जिभेने त्याहून वर.

"मावशी, तू ब्रेक दाबलास ना आत्ता?"

"मी कुठे? पुढे बघ."

"पुढे नाही, चाक बघ म्हणालीस."

"दोन्ही बघ! तोंड बंद ठेव आणि दोन्ही बघ."

"तू दाबलास. मला ऐकू आला. एक दिवस तुझा पाय पत्र्यातून आरपार जाईल आणि आपण पायाने गाडी थांबवू."

अशा वेळी गुमेला हसू यायचं, पण हसायला सुद्धा अंगात काही शिल्लक असावं लागतं. ती नुसता गालातला कोकाचा तोबरा या बाजूचा त्या बाजूला करायची.

या वेळी घाई होती आणि ती का होती ते फक्त गुमेला माहीत होतं. फेब्रुवारीतल्या कँदेलारियाच्या सणाच्या सुमारास तिच्या डाव्या डोळ्यापुढे साय आली. दुधावर येते तशी, आधी कडेला आणि मग मधोमध. आरोग्य केंद्रातली नर्स म्हणाली, मोतीबिंदू आहे, ला पासला जाऊन काढून घ्या, आणि नंतर काही आठवडे गाडीबिडी नाही, वजन उचलणं नाही. गुमे म्हणाली, बरं. बाहेर येऊन व्हॅनमध्ये बसली आणि घरी आली. काही आठवडे गाडी नाही म्हणजे संत्री कोण नेणार, फ्रोइलानच्या कंबरेचं औषध कोण आणणार? दानित्साला लायसन्स मिळू दे, मग डोळा. तोवर कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर फ्रोइलान घाबरेल, आणि दानित्सा त्या दयेपोटी इथेच राहील किंवा त्याच भीतीने पळून जाईल. दोन्ही नको होतं.

पण एका डोळ्याची गंमत अशी की चाक दिसतं, कडाही दिसते, त्या दोघांमधलं अंतर मात्र दिसत नाही. बोटभर आहे की हातभर? गुमे मान बाहेर काढायची आणि आठवणीवर चालवायची. इथे एक पांढरा दगड, मग थोडं आत. इथे क्रूस आहे, मग सरळ. तिने माणसं न्यायची बंद केली. इंजिन गरम होतं, एवढंच सांगितलं. गावकरी चिडले, कुणी म्हणालं डोन्या गुमेला माज आलाय. आला तर आला. सामान दरीत गेलं तर सामान गेलं, पण शेजारणीच्या खांद्यावर झोपलेलं लेकरू घेऊन ती आता उतरणार नव्हती.

दानित्सा मात्र यायचीच. ला पासहून येताना गुमे चालवत असली की ही बया पुढच्या सीटवर बसायची सोडून गुमेच्या मागे, डाव्या खिडकीशी बसायची आणि मुंडकं बाहेर काढून ट्रकच्या क्लीनरसारखी आरडाओरडा करायची: "येऊ दे, येऊ दे, जागा आहे! जागा आहे! आता आत घे, आत घे… बास!" आधी गुमे वैतागली.

"काय लावलंयस? वय काय तुझं?"

"मला आवडतं. मोठी झाल्यावर मला क्लीनर व्हायचंय."

"आत घे ते डोकं, फांदी लागेल."

"लागू दे. जागा आहे, येऊ दे!"

पोरखेळ आहे म्हणून गुमेने नाद सोडला. ओरडून तरी किती ओरडणार?

ऑगस्टमध्ये परीक्षेची तारीख आली. परीक्षा ला पासला. आधीच्या चौघांना गुमेने परीक्षेपूर्वी एक अख्खी सकाळ ला पासच्या डोक्यावरच्या एल आल्तोच्या सपाट रस्त्यांवर नेलं होतं, उजवीकडून चालवायला शिकवायला. युंगासची पोरं डावीकडे शिकतात, आणि ते अंगातून काढायला सकाळ लागतेच. दानित्साने दोनदा आठवण केली. "मावशी, आल्तो?" गुमे म्हणाली, "बघू." दुसऱ्यांदा म्हणाली, "अगं, उजवीकडून चालवायचं तर चालवायचं, त्यात काय शिकायचंय? जगातले सगळे गाढव चालवतात." पुन्हा तेच क्लच आणि पुन्हा तेच हॉर्न, त्यात घाटावरची ती हाडं गोठवणारी थंडी. तिच्याने होईना. शिवाय, खरं सांगायचं तर, पाचव्यांदा पोराला उजवीकडे वळवायचं तिच्या मनातच नव्हतं. ते तिने स्वतःशीही नीट उच्चारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी वर चढताना चालवलं गुमेने, डोंगराच्या कुशीने, दरीला पाठ करून. वर शिखरावर थांबून दोघींनी धरणीमातेसाठी जमिनीवर दोन थेंब दारू ओतली. "पाचामामा, पोरीला पास कर," गुमे म्हणाली. "आणि मावशीला झोप दे," दानित्सा म्हणाली. गुमेने तिच्याकडे बघितलं, पण ती बाटलीचं बूच लावत होती.

परीक्षेचं मैदान एका चढावरच्या वस्तीत होतं. खुंट्यांमधून गाडी काढायची, मागे लावायची, हे सगळं दानित्साने असं केलं की बाकीची पोरं बघत राहिली. मग परीक्षक शेजारी बसला आणि म्हणाला, चला बाहेर, या गल्लीने खाली उतरा आणि वळसा घालून परत या. गुमे इतर आयाबापांबरोबर गल्लीच्या तळाशी फुटपाथवर उभी होती, एका हातात गरम आपीचा पेला. जांभळ्या मक्याची ती पेज घशाला बरी वाटत होती.

व्हॅन वरच्या टोकाला दिसली. वळणावर दानित्साने लांबलचक हॉर्न दिला. शहरात कुणी वळणावर हॉर्न देत नाही, सगळ्यांनी माना वर केल्या. मग तिने गाडी अलगद डाव्या बाजूला घेतली, गटाराच्या अगदी कडेला, आणि खिडकीतून मान बाहेर काढून चाक बघत, सावकाश, अतिशय सुंदर अशी ती उतरायला लागली.

गुमेचा पाय फुटपाथवर दाबला गेला.

खालून एक मिनीबस चढत होती, आपल्या हक्काच्या बाजूने. दोन गाड्या नाकासमोर नाक लावून थांबल्या. मिनीबसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचना. खिडकीतून त्याने दानित्साच्या आईची आणि आजीची चौकशी केली. कुठलंही शहरी पोर अशा वेळी गडबडलं असतं. दानित्सा गडबडली नाही. वर चढणाऱ्याचा मान मोठा, हे तिला पक्कं ठाऊक. तिने रिव्हर्स टाकला आणि सबंध गल्ली, तो खडा चढ, दोरी लावल्यासारखी सरळ उलटी चढत गेली. वर एका फाटकाच्या खाचेत गाडी घातली आणि हात बाहेर काढून मिनीबसवाल्याला अदबीने खूण केली: या, या.

फुटपाथवर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मिनीबसवाला इतका चक्रावला होता की जाताना त्याने आभारच मानले.

परीक्षक गाडीतून उतरला तेव्हा डोळे पुसत होता. चांगला पोटभर हसला होता.

"युंगासची ना तू?"

"हो," दानित्सा म्हणाली. तिला तोवर कळलं होतं आणि ती कानापर्यंत लाल झाली होती.

"कुणी शिकवलं?"

दानित्साने गुमेकडे पाहिलं नाही. "कुणी नाही. आपली आपण शिकले."

"खोटं. असा रिव्हर्स कुणी आपला आपण शिकत नाही. ज्याने शिकवलं त्याला माझा नमस्कार सांग, आणि म्हणावं, आता हिला उजवी बाजूही शिकवा. नापास. पुढच्या महिन्यात ये."

गुमेने उरलेली आपी रस्त्यावर ओतून टाकली. पुढच्या महिन्यात. म्हणजे डोळाही पुढच्या महिन्यानंतर, त्यानंतर पुन्हा काहीतरी, आणि तोवर ती दरी. तिला एकदम इतकं थकल्यासारखं झालं की तिथेच फुटपाथवर पोयेरा पसरून बसावं, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

परतीला गाडी शिखराला लागली. गुमे चालवत होती. दानित्सा या वेळी पुढेच बसली होती, पाय जवळ घेऊन. शेवटी गुमेच म्हणाली, "माझंच चुकलं. आल्तोला न्यायला हवं होतं."

"हो, हवं होतं."

"दमले होते गं."

"माहितेय."

पोलिसांची चौकी मागे पडली. धुकं खालून वर यायला लागलं. मग तो पिवळा फलक आला, गंजलेला, गोळ्यांची भोकं पडलेला: डावी बाजू धरा. इथून आपला रस्ता सुरू. गुमेने सवयीने गाडी डावीकडे घेतली, मान बाहेर काढली. चाक होतं, कडा होती. मधलं काही कळेना, त्यात धुक्याने पांढरे दगडही पुसून टाकलेले.

"थांब," दानित्सा म्हणाली.

"काय झालं?"

"थांब म्हणते ना. आत घे आणि थांबव. आणि उतर."

"दानित्सा, आज माझ्या डोक्याला…"

"तुला चाक दिसत नाही, मावशी."

गुमेने गाडी आत घेऊन थांबवली. इंजिन घुरघुरत राहिलं. "कोण म्हणतं?"

"कँदेलारियापासून दिसत नाही. तुला काय वाटलं, मी एवढे सहा महिने गार वाऱ्यात मुंडकं बाहेर काढून बोंबलत होते ते हौसेने? जागा आहे, जागा आहे… माझ्या घशाचं बघ काय झालंय! तुझ्यासारखा झालाय!"

गुमेने हँडब्रेक ओढला. ती आठवत होती. आत घे, आत घे, बास. ते सगळं ती ऐकत आली होती. पोरखेळ म्हणून रागावत होती आणि हात मात्र त्या आवाजाबरहुकूम फिरत होते. आपण आठवणीवर चालवतोय असं तिला वाटत होतं. आठवण कसली, मागच्या सीटवरून ही पोर तिला घरी आणत होती.

"काकांना माहितेय?" तिने विचारलं.

"काका म्हणाले, गुमेला कळू देऊ नकोस, तिला वाईट वाटेल. तुम्ही दोघं एकमेकांपासून लपवता आणि मी मधल्यामधे खिडकीबाहेर."

"लबाड म्हातारा," गुमे म्हणाली.

"उतर आता. लायसन्स नाही, पण या रस्त्यावर मी नापास नाही."

दोघींनी जागा बदलल्या. दानित्सा सीट मागे सरकवत होती, तिचे पाय लांब. आरसा नीट करताना ती म्हणाली, "एक सांगते, मग नंतर म्हणू नकोस सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात मी पास होणार. तू मला आल्तोला नेणारेस. मग तुझा डोळा होईपर्यंत आणि बरा होईपर्यंत मी इथे आहे. मग मी विल्माकडे सांताक्रूसला जाणार."

"बरं."

"रागावलीस?"

"नाही."

"एल्मेरसारखी जाणार नाही. सांगून जाईन, जेवून जाईन."

"गाडी चालव," गुमे म्हणाली. "आणि पुढे बघ."

"चाक बघू की पुढे बघू?"

गाडी सुटली. पहिल्या वळणाला हॉर्न झाला, बेताचा, ना कमी ना जास्त. गुमेचा पाय चटईतल्या खळग्यात जाऊन बसला, नेहमीसारखा.

"मावशी, पाय वर घे."

"असू दे."

"तुझा पाय खाली असला की मला ब्रेक ऐकू येतो. वर घे."

गुमेने कुरकुरत बूट काढले. पाय सुजले होते, सकाळपासून त्या जड बुटांत. ते वर सीटवर घेतले, पोयेऱ्याखाली लपवले, आणि डॅशबोर्डच्या भोकातून फ्रोइलानची पिशवी काढून उशाला घेतली. फक्त मान टेकायची, असं तिने ठरवलं. पांढऱ्या दगडापाशी सांगायला हवं, क्रूसापाशी सांगायला हवं. दानित्साने मान बाहेर काढली होती आणि ती आपल्याशीच म्हणत होती, हळू आवाजात, सवय जात नाही म्हणून: "येऊ दे… जागा आहे… येऊ दे…" कडेच्या बाजूने धुकं सरकत होतं. गुमेने दोनतीनदा डोळे उघडले.

इंजिन बंद झालं तेव्हा ती दचकून उठली. समोर अंगण, कोकाच्या पानांची फरशी, दारात काठीवर रेलून फ्रोइलान.

"क्रूस कुठे गेला?" ती म्हणाली.

"कधीच गेला," दानित्सा म्हणाली. "घोरत होतीस."

फ्रोइलान खिडकीशी आला. बायको उजव्या सीटवर, पाय वर घेतलेले, गालावर पिशवीचे वळ, हे त्याने नीट बघून घेतलं आणि मग स्टिअरिंगकडे बघितलं. "पास?"

"नापास," दानित्सा म्हणाली आणि पोती उतरवायला मागे गेली.

गुमे जागची उठली नाही. चार पोरं शिकवली, चारही आज कुठे कुठे गाड्या हाकतात, पण त्यांच्यातल्या एकाच्याही शेजारी तिला कधी झोप लागली नव्हती. जिच्या शेजारी लागली तीही जाणार होती, जेवून आणि सांगून. तिला रडू आलं. साय आलेल्या डोळ्यातूनही तेवढंच आलं, याचं तिला नवल वाटलं. फ्रोइलानने विचारलं, काय गं, डोळा दुखतोय का? ती नाही म्हणाली, आणि बूट शोधायला तिने हात खाली घातला.